सरसकट भाडं नको, टेबलागणिक हिशेब हवा

१४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिन्हींचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. वर्ड उघडत होतं, एक्सेल चालत होतं. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. पाठोपाठ दिवाळी आली आणि ती सरता सरता सांगलीतल्या लहानमोठ्या कचेऱ्यांमध्ये संगणकवाल्यांची कोटेशनं येऊन पडली. मी इथे करसल्लागार म्हणून काम करते. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, कुपवाड एमआयडीसीतले वर्कशॉपवाले, तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, काही पतसंस्था, असे माझे क्लायंट. खर्चाचा कोणताही नवा कागद आला की सही होण्याआधी तो माझ्याकडे येतो. या वेळी आलेल्या बहुतेक कागदांवर मजकूर एकाच घाटाचा होता : इतके संगणक, प्रत्येकी दरसाल इतकं सबस्क्रिप्शन, अधिक १८ टक्के जीएसटी.

"मॅडम, करू का सही?" एवढाच प्रश्न.

सबस्क्रिप्शनला माझा विरोध नाही. माझ्या स्वतःच्या ऑफिसात ते आहे आणि ते मी आनंदाने भरते. माझा विरोध 'इतके संगणक' या सरसकट शब्दांना आहे. भाड्याने घ्यायचं की विकत, हा प्रश्न अख्ख्या कचेरीला एकदम विचारला की उत्तर हमखास महागाचं येतं. तो एकेका टेबलाला विचारायला हवा, आणि प्रत्येक टेबलाशी त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न हवा : पैसे भरायचे थांबले, तर त्या दिवशी या टेबलावरच्या फायलींचं काय होईल?

एखादी अडत पेढी घ्या. सौद्याच्या दिवशी तिथे चार संगणक चालू असतात. काट्याजवळच्या संगणकावर वजनाची चिठ्ठी निघते. आत बसलेला मेहता टॅलीत नोंदी करतो आणि शेतकऱ्याची पट्टी काढतो, त्यात हमाली, तोलाई वजा होते. तिसऱ्या संगणकावर एक मुलगी बँकेची पत्रं, वाहतुकीच्या याद्या, बाजार समितीची कागदपत्रं टाइप करते. चौथा मालकांच्या केबिनमध्ये असतो. त्यावर बाहेरगावच्या खरेदीदारांचे ईमेल, दरांचे तक्ते आणि महिन्याचा आढावा. या चारांपैकी काट्याजवळच्याला वर्ड-एक्सेल लागतच नाही. मेहत्याचं काम टॅलीत होतं. एक्सेल त्याला लागतं ते टॅलीतून काढलेली यादी पाहण्यापुरतं. टाइप करणाऱ्या मुलीला लागतं ते सारं मोफतच्या लिबरऑफिसमध्ये आहे. खरी गरज एका टेबलाची, आणि कोटेशन चार टेबलांचं. असं कोटेशन करण्यात विक्रेत्याची काही लबाडी आहे असं मी म्हणत नाही. कुठल्या संगणकावर काय काम चालतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि मालकानेही कधी विचारलेलं नसतं.

आता पैशांचं. ऑफिस २०२४ बाजारात आलं तेव्हा अमेरिकेतले जाहीर दर असे होते : एकदाच विकत घेण्याची 'होम अँड बिझनेस' प्रत सुमारे २५० डॉलर; फक्त ऑफिसचे प्रोग्राम देणारं व्यवसायाचं सबस्क्रिप्शन वर्षाला ९९ डॉलर; ईमेल, टीम्स वगैरे सगळं असलेलं 'बिझनेस स्टँडर्ड' वर्षाला १५० डॉलर. आपल्याकडचे रुपयातले दर वेगळे आहेत आणि विक्रेत्यागणिक हलतात, पण तपासायची रीत हीच. खरेदीच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागा. इथे उत्तर येतं अडीच वर्षं आणि पावणेदोन वर्षं. त्यापुढे वापरलेला प्रत्येक महिना खरेदीच्या बाजूने पडतो. पाच वर्षांत २५० विरुद्ध ४९५ विरुद्ध ७५०.

पाचच वर्षं का, हेही सांगायला हवं, कारण 'लाइफटाइम' या शब्दावर आपले व्यापारी फार विसंबतात. ऑफिस २०१६ ला दहा वर्षं दुरुस्त्या मिळाल्या. ऑफिस २०२४ ला ऑक्टोबर २०२९ पर्यंतच, म्हणजे पाच वर्षं. त्यानंतरही ते चालेल, पण ज्या संगणकावर बाहेरून ईमेल येतात, अनोळखी इनव्हॉइस उघडली जातात, तिथे दुरुस्ती थांबलेला प्रोग्राम ठेवू नये. ऑफिस २००७ अजून वापरणारी पेढी मला माहीत आहे. तिथे बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर ते चालू ठेवणं मला धोक्याचं वाटतं आणि मी ते तसं लेखी कळवलं आहे. तेव्हा 'एकदा घेतलं की संपलं' हे खरं नाही. विकत घेणाऱ्यानेही पाच वर्षांनी पुन्हा खर्च येणार हे धरून चालावं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सबस्क्रिप्शन माणसागणिक असतं आणि एका माणसाला ते पाच संगणकांवर घालता येतं. एकच माणूस ऑफिसात डेस्कटॉप, प्रवासात लॅपटॉप आणि घरी तिसरं यंत्र वापरत असेल, तर विकतच्या तीन प्रतींपेक्षा भाडं स्वस्त पडतं, कारण विकतची प्रत एका यंत्रावर एकच. माझ्याकडच्या दोन सीनियर सहकाऱ्यांचं काम असंच आहे. एकाच वेळी दोघींनी एकाच शीटमध्ये काम करणं, क्लायंटच्या दुकानात बसून फोनवर तोच तक्ता उघडणं, हे सबस्क्रिप्शनमुळे सोपं झालं. त्यांच्यासाठी ते घेतलं आणि पुढेही घेत राहीन.

हंगामी माणसांचा हिशेब मात्र वेगळा धरावा लागतो. ऑडिट आणि रिटर्नच्या दिवसांत आमच्याकडे तीन महिने जास्तीची मुलं असतात. मायक्रोसॉफ्टच्या व्यवसायाच्या योजनांत वर्षाचा करार केला की मध्येच जागा कमी करता येत नाहीत. सुरुवातीच्या काही दिवसांत रद्द केलं तरच पैसे परत. महिन्याच्या करारावर घेतलं तर दर साधारण २० टक्के जास्त पडतो, पण तीन महिन्यांनी सोडता येतं. तीन महिन्यांच्या मुलासाठी वर्षाचा करार करणारी बरीच ऑफिसं आहेत, कारण कोटेशनवर महिन्याचा पर्याय छापलेलाच नसतो. तो मागावा लागतो.

इथे टॅलीचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या प्रत्येक पेढीला ते माहीत आहे. टॅलीचं कायमचं लायसन्स घेतलं की प्रोग्राम आपला. नवी आवृत्ती आणि जोडसेवा हव्या असतील तर दरसाल टीएसएसचे पैसे भरायचे. एखाद्या वर्षी नाही भरले, तर नवं काही मिळत नाही, पण कालपर्यंतच्या वह्या उघडतात आणि आजची नोंदही होते. कुणाला लागेल तर टॅली भाड्यानेही मिळतं. लहान व्यापाऱ्याला झेपेल अशी ही मधली वाट एका भारतीय कंपनीने वर्षानुवर्षं चालवून दाखवली आहे. पुण्याच्या क्विक हीलसारख्या अँटिव्हायरसला दरसाल पैसे द्यावे लागतात याची तक्रार मी कधी करत नाही, कारण व्हायरस रोज नवे येतात आणि त्यामागे रोज कुणीतरी काम करत असतं. बँकेला पत्र टाइप करण्याचं काम मात्र गेल्या पंधरा वर्षांत फारसं बदललेलं नाही. रोज नव्याने होणाऱ्या कामाचं भाडं द्यावं. जे काम वर्षानुवर्षं तसंच आहे त्याचं भाडं का, हे विक्रेत्याने समजावून द्यावं.

कराबद्दल थोडक्यात, कारण 'भाडं पूर्ण खर्चात जातं' असं सांगून सबस्क्रिप्शन विकलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर संगणकाप्रमाणेच ४० टक्के घसारा मिळतो. २०,००० रुपयांच्या खरेदीवर पहिल्या वर्षी ८,०००, दुसऱ्या वर्षी ४,८००, तिसऱ्या वर्षी २,८८०, म्हणजे तीन वर्षांत १५,६८० रुपये खर्चात गेले. वर्षातून १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा. फरक आहे तो थोडा उशीर होण्याचा. पैसे बुडत नाहीत. जे कलम ४४एडी खाली अंदाजित नफा दाखवतात, त्यांना वेगळा खर्च वजा करताच येत नाही. त्यांच्यासाठी कराचा हा मुद्दाच उरत नाही. जीएसटीचं क्रेडिट दोन्हीकडे सारखंच मिळतं, आणि काँपोझिशनवाल्याला दोन्हीकडे मिळत नाही. कर वाचेल म्हणून भाडं घेऊ नका.

सबस्क्रिप्शनच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा मला सांगलीच्या पुराने शिकवला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ पाण्याखाली गेली. ज्यांचा हिशेब तळमजल्यावरच्या संगणकात आणि त्याच टेबलाच्या खणातल्या पेन ड्राइव्हमध्ये होता, त्यांचं दोन्ही गेलं. काहींच्या वह्या आम्ही जीएसटी पोर्टलवरच्या विवरणांवरून आणि बँकेच्या उताऱ्यांवरून पुन्हा उभ्या केल्या. उधारीच्या नोंदी मात्र कुठल्याच पोर्टलवर नव्हत्या, त्या व्यापाऱ्यांनी आठवणीने लिहून दिल्या. ज्यांच्या फायली ऑनलाइन साठवलेल्या होत्या, त्यांनी पाहुण्यांच्या घरी बसून दुसऱ्या लॅपटॉपवर त्या उघडल्या. हे पाहिल्यानंतर ऑनलाइन साठवणीला मी कधीच नाही म्हणत नाही. कृष्णाकाठच्या प्रत्येक व्यवसायाने ती घ्यावी.

पण ती घ्यायला वर्ड-एक्सेल भाड्याने घ्यावं लागत नाही. साठवणीची जागा वेगळी मिळते, आणि अख्ख्या पेढीच्या फायलींना एक-दोन खाती पुरतात. 'क्लाउड हवा म्हणून सगळ्यांना सबस्क्रिप्शन' या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एका बिलात बांधलेल्या असतात. त्या सुट्या करून मागा. शिवाय नेट नसेल तिथलं काय? मायक्रोसॉफ्टचं व्यवसायाचं सबस्क्रिप्शन महिन्यातून एकदा तरी इंटरनेटला जोडून आपली वैधता तपासून घेतं. तासगावच्या पलीकडे बेदाण्याच्या शेडवर ठेवलेलं यंत्र हंगामात महिना-महिना नेटशिवाय चालतं. तिथे विकतची प्रत किंवा लिबरऑफिसच ठेवावं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पैसे थांबले की काय होतं?

मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मुदत संपली की प्रोग्राम उघडतो, फाइल बघता येते, छापता येते. बदलता येत नाही आणि नवी करता येत नाही. ऑनलाइन साठवलेल्या डेटाला काही महिन्यांची सवलत असते, त्यानंतर तो पुसला जातो. याच्या समोर कायदा ठेवून पाहा. जीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं, की वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायचे. २०२४-२५ चे हिशेब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. अपील चालू असेल तर त्याच्या निकालानंतर आणखी एक वर्ष. कंपनी असेल तर आठ आर्थिक वर्षं. इतकी वर्षं दरसाल भाडं भरलं जाईल याची खात्री कुठल्या लहान व्यावसायिकाला देता येते? धंदा मंदावतो, भागीदार वेगळे होतात, मालक आजारी पडतात. सरकारची नोटीस तेव्हाही येतेच. यार्डातला गाळा भाड्याचा असला तरी आतली हळद व्यापाऱ्याची असते. भाडं थकलं तर मालक गाळा सोडायला सांगेल, पोती ठेवून घेणार नाही. फायलींच्या बाबतीत हीच खात्री आपण आधी मागून घेतली पाहिजे.

आणि प्रश्न नेहमी पैसे थकण्याचाच असतो असंही नाही. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या मुंबईतून कारभार चालवणाऱ्या, गुजरातेत वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या कंपनीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा अचानक थांबवण्यात आल्या. कारण होतं युरोपीय संघाने लावलेले निर्बंध. भारताने तसे निर्बंध लावलेले नव्हते. पूर्ण पैसे भरलेले लायसन्स असताना आमचीच माहिती आम्हाला मिळत नाही, असं म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायराकडे वकिलांची फौज उभी करण्याची ताकद होती. कुपवाडच्या वर्कशॉपवाल्याचं खातं उद्या एखाद्या चुकीने बंद झालं, तर तो कुणाच्या दारात उभा राहील? असं रोज घडत नाही, हे मला कळतं. पण चावी दुसऱ्याच्या हातात असते म्हणजे काय, हे त्या आठवड्यात साऱ्या देशाने पाहिलं. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर गेल्याचं जाहीर केलं, आणि स्वदेशी ऑफिस-सॉफ्टवेअरची चर्चा सुरू झाली. झोहोबद्दल मला आदर आहे. चेन्नईच्या कंपनीने जगभर विकलं जाणारं काम केलं आहे. पण स्वदेशी भाडं हेही भाडंच. तिथेही पैसे थांबल्यावरचा प्रश्न विचारावाच लागेल.

मराठी कचेऱ्यांना हा धडा एकदा मिळालेला आहे, आणि तो विसरला जातोय याची मला चिंता वाटते. एका पतसंस्थेच्या थकबाकीच्या प्रकरणात, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुलीसाठी, २००० सालाच्या आसपासचा कर्जमंजुरीचा ठराव हवा होता. इतिवृत्तं संगणकावर टाइप केलेली होती, सीडीही जपून ठेवलेली होती. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं. त्या काळच्या मराठी फॉन्टच्या पॅकेजांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. पॅकेज रीतसर विकत घेतलेलं होतं. पण ते चालायला संगणकाच्या मागे एक हार्डवेअर लॉक लावावं लागे, आणि त्या लॉकचं जुनं पोर्ट आजच्या यंत्रांना नसतं. शेवटी ठरावाच्या वहीत चिकटवलेली छापील प्रत सापडली आणि काम निभावलं. म्हणजे मालकीचं सॉफ्टवेअरही आपल्याच फायलींना कुलूप लावू शकतं. नुसतं विकत घेतलं म्हणून सुटका होत नाही. फाइल कुठल्या स्वरूपात आहे, हे भाडं की खरेदी या प्रश्नाइतकंच मोलाचं आहे.

अक्षरांपुरता हा प्रश्न युनिकोडने सोडवला. फायलींपुरता तो सोडवण्याची साधनंही आपल्या हातात आहेत. ओपन डॉक्युमेंट हे खुलं स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. मायक्रोसॉफ्टचं आजचं स्वरूप २००८ मध्ये मानक झालं, आणि तेव्हा भारताने त्याच्या विरोधात मत दिलं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरणही जाहीर केलं. इतकं सगळं करणाऱ्या सरकारकडून माझ्यासारखीची एक साधी अपेक्षा आहे, आणि ती पुरी होत नाही. जीएसटीचं वार्षिक विवरण ऑफलाइन तयार करण्याचं सरकारी साधन एक्सेलची मॅक्रोवाली फाइल आहे. ती मायक्रोसॉफ्ट एक्सेल मागते. लिबरऑफिसमध्ये अशी मॅक्रो नीट चालतील याचा भरवसा नसतो. म्हणजे कर भरण्यासाठी नागरिकाने आधी एका परदेशी कंपनीचा माल घ्यावा, अशी व्यवस्था झाली. हे चुकीचं आहे. टीडीएसचं विवरण तयार करण्याचं प्रोटीअन या कंपनीचं मोफत साधन जावावर चालतं, त्याला एक्सेल लागत नाही. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. जीएसटीची सगळी ऑफलाइन साधनं कुठल्याही ऑफिस-सॉफ्टवेअरशिवाय चालतील अशी करावीत, ही माझी जीएसटी परिषदेकडे मागणी आहे. त्यावर सरकारचा खर्च होईल, पण देशभरच्या लाखो लहान कचेऱ्यांचा वाचेल.

ते होईपर्यंत प्रत्येक ऑफिसात किमान एक खरं एक्सेल लागेल, हे मान्य करते. माझ्याकडे ते विकत घेतलेलं आहे, एका ठरलेल्या यंत्रावर. तीन सबस्क्रिप्शन आहेत, माझं आणि दोघी सहकाऱ्यांचं. आवक-जावक, टायपिंग, स्कॅनिंगच्या यंत्रांवर लिबरऑफिस आहे. हे २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालं, जर्मनीतली एक संस्था ते सांभाळते, मराठीतूनही वापरता येतं, आणि व्यवसायासाठी वापरायलाही फुकट आहे. फुकट असलं तरी कष्टाशिवाय नाही. पहिले काही आठवडे मुली कुरकुरतात, बटणं वेगळ्या जागी असतात, वर्डमध्ये केलेल्या पत्राचा समास हलतो. म्युनिक शहराने वर्षानुवर्षं खुल्या सॉफ्टवेअरवर कारभार चालवला आणि २०१७ मध्ये परत फिरायचं ठरवलं. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर न्यायचं ठरवलं. दोन्ही उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवूनच मी सांगते : सगळं एका रात्रीत बदलू नका, पण टायपिंगच्या टेबलापासून सुरुवात करा. बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करून पाठवलं की समासाचा प्रश्न राहत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला तडजोड मान्य नाही. कोटेशन पाहून दचकलेले अनेक जण संगणकवाल्या पोराला म्हणतात, "टाक की कुठलं तरी." कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी प्रमाणे संगणक-प्रोग्रामची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे, सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते दोन लाखांपर्यंत दंड. ऑनलाइन पाचशे रुपयांना मिळणारी 'लाइफटाइम की' बहुधा कुठल्या तरी मोठ्या संस्थेच्या लायसन्समधून निघालेली असते, आणि ती कधीही बंद होते. लॅपटॉपबरोबर आलेल्या जुन्या 'होम अँड स्टुडंट' प्रतीही घरगुती वापरासाठीच्या होत्या, पेढीच्या कामासाठी नाहीत. लिबरऑफिस फुकट मिळत असताना चोरी करण्याचं कारणच उरत नाही.

विकत घ्या किंवा भाड्याने, खातं पेढीच्या नावाच्या ईमेलवर उघडा. माझ्या एका क्लायंटकडे विकत घेतलेल्या प्रती ऑपरेटरच्या खासगी ईमेलला जोडलेल्या होत्या. तो मुलगा चांगला होता, नोकरी सोडून पुण्याला गेला, फोन उचलायचा, पासवर्ड मात्र त्याच्याही लक्षात नव्हता. यंत्रं बदलताना त्या प्रती नव्या यंत्रांवर नेता आल्या नाहीत. बिल पेढीच्या नावाचं आणि मालकी ईमेलवाल्याची, असा प्रकार होतो. भाड्याने घेतलं असेल तर रिन्यूअलच्या दरावरही लक्ष ठेवा; घरगुती योजनांत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांत कोपायलट हा एआय मदतनीस घालून दर वाढवले. कोपायलटशिवायचा जुन्या दराचा पर्याय शिल्लक होता, पण तो ग्राहकांना नीट सांगितला नाही, असा आरोप करून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयात दावा लावला. रिन्यूअलच्या तारखेला आपोआप पैसे कापले जाण्याची सोय ठेवली असेल, तर दर वाढल्याचं बँकेच्या उताऱ्यातच कळतं. ती सोय बंद ठेवा आणि तारीख टेबलावरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा.

मार्चअखेर जवळ आली की ही कोटेशनं पुन्हा येतील. सही करण्याआधी टेबलागणिक कामांची यादी करा आणि ती विक्रेत्याच्या हातात द्या. मग त्याच्याकडून लेखी उत्तर घ्या : महिन्याच्या करारावर दर काय, पाच वर्षांचा एकूण खर्च किती, सोडायचं ठरलं तर आमच्या सगळ्या फायली किती दिवसांत आणि कुठल्या स्वरूपात परत मिळतील. ते उत्तर कागदावर हातात येईपर्यंत चेक देऊ नका.